‘मॉनिटर’ बांधली कुणाच्या पैशाने?

गेल्या काही महिन्यांत एक मजकूर मला निदान सहा जणांकडून आला. इंजिनीअर मंडळींच्या ग्रुपवर आला, उद्योजकांच्या ग्रुपवर आला, शेवटी भाच्यानेही पाठवला. थोडक्यात तो असा: अमेरिकेच्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धात जॉन एरिक्सन नावाच्या इंजिनीअरने लोखंडी चिलखताच्या युद्धनौकेचा आराखडा सरकारपुढे ठेवला. नौदलातल्या म्हाताऱ्या बाबूंनी तो फेटाळला. मग त्याने स्वतःचे पैसे घालून, एकट्याच्या जोरावर, शंभर दिवसांत ‘मॉनिटर’ बांधली. दक्षिणेच्या चिलखती जहाजाशी तिची लढाई झाली त्या दिवशी ती सरकारच्या मालकीचीही नव्हती. त्या एका दिवसात जगातली लाकडी नौदलं निकालात निघाली आणि तेव्हा कुठे सरकारला जाग आली. तात्पर्य काय, तर युद्धकाळात समित्या, तपासण्या, हिशेब बाजूला ठेवा आणि हुशार माणसाला मोकळं सोडा.

एरिक्सनबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्या डोक्यातून निघालेला तोफांचा फिरता बुरूज हे फार मोठं काम होतं. पण माझी नोकरी ठेकेदारांची बिलं तपासण्यात गेली. कुणी एखाद्या जहाजाची गोष्ट सांगितली की पैसा कुठून आला, कधी आला आणि कुठल्या अटीवर आला, हे मी आधी विचारतो. ‘मॉनिटर’च्या बाबतीत याची उत्तरं नोंदलेली आहेत. ती या मजकुराशी जुळत नाहीत, आणि शेवटचं तात्पर्य तर मला घातक वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सरकारने आराखडा फेटाळला”

आधी तारखा बघू. युद्ध सुरू झालं एप्रिल १८६१ मध्ये. ४ जुलैच्या अहवालात नौदलमंत्री गिडियन वेल्स याने चिलखती जहाजांचा विषय काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडला. ३ ऑगस्टला कायदा झाला: १५ लाख डॉलर मंजूर आणि प्रस्ताव तपासायला नौदल अधिकाऱ्यांचं मंडळ. जोसेफ स्मिथ, हायरम पॉल्डिंग आणि चार्ल्स डेव्हिस हे तिघे मंडळावर होते. १६ सप्टेंबरला त्यांचा अहवाल आला आणि त्यात एरिक्सनचं जहाज मंजूर होतं. कायद्यापासून मंजुरीपर्यंत साडेसहा आठवडेही लागले नाहीत. इतक्या वेळात निविदा उघडून तीन निर्णय झालेले मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिले नाहीत.

डेव्हिसचा सुरुवातीला विरोध होता, हे खरं. कॉर्नेलियस बुशनेल हा व्यावसायिक एरिक्सनचा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन वॉशिंग्टनला गेला, तेव्हा बैठकीला खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकन हजर होते आणि त्यांचा कल अनुकूल होता. तरीही मंडळाला एक शंका होती: पाण्यावर जेमतेम दीड फूट दिसणारं, डोक्यावर एवढा जड बुरूज घेतलेलं जहाज उलटणार नाही कशावरून? शंका रास्तच होती. मग बुशनेलने एरिक्सनला स्वतः यायला भाग पाडलं. त्याने गणित मांडून दाखवलं आणि मंडळाने मत बदललं. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, मंजुरी दिली. याला फेटाळणं म्हणत नाहीत.

सरकारने एरिक्सनवर पूर्वी खरोखर एक अन्याय केला होता, पण तो मजकुरात नाही. १८४४ साली ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर एक मोठी तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री दोघेही ठार झाले. जहाज एरिक्सनच्या आराखड्याचं होतं, पण फुटलेली तोफ त्याची नव्हती. तरी ठपका त्याच्यावर आला आणि त्याचं सुमारे १५ हजार डॉलरचं बिल अडकलं ते अडकलंच. १८६१ मध्ये तो वॉशिंग्टनला जायला नाखूश होता तो यामुळे. सरकारला दोष द्यायचाच असेल तर तो या थकलेल्या बिलाबद्दल द्यावा.

मंडळाबद्दल आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या प्रकारच्या जहाजांचा आपल्याला अनुभव नाही, ज्ञानही तोकडं आहे, असं त्या तिघांनी अहवालातच लिहून दिलं. आणि अनुभव नसल्यामुळेच त्यांनी सगळे पैसे एका आराखड्यावर लावले नाहीत. तीन वेगवेगळ्या जातीची जहाजं निवडली: ‘मॉनिटर’ २,७५,००० डॉलरला, ‘गलीना’ २,३५,००० ला आणि ‘न्यू आयर्नसाइड्स’ ७,८०,००० ला. बेरीज १२,९०,००० डॉलर, म्हणजे मंजूर रकमेच्या आत. पुढे ‘गलीना’ १५ मे १८६२ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या खालच्या अंगाला, ड्रूरीज ब्लफच्या तोफांपुढे चाळणी झाली. ‘न्यू आयर्नसाइड्स’ चार्ल्सटनपुढे महिनोन्महिने मार खाऊन टिकली. तिघांपैकी एक आराखडा वाया गेला, दोन कामी आले. तपासणी करणाऱ्या माणसांनी याहून चांगलं काय करायला हवं होतं?

“स्वतःचे पैसे घालून”

करार ४ ऑक्टोबर १८६१ चा. भागीदार चार: एरिक्सन, बुशनेल, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचे लोखंडाचे कारखानदार जॉन विन्स्लो आणि जॉन ग्रिस्वोल्ड. सुरुवातीचा पैसा उभा करण्यात या दोन कारखानदारांचा हात मोठा होता. लोखंडी पत्र्यांचं काही काम त्यांच्याच गिरण्यांना मिळालं.

काम होईल तसे ५०,००० डॉलरचे हप्ते द्यायचे, आणि प्रत्येक हप्त्यातून २५ टक्के चाचणी होईपर्यंत राखून ठेवायचे, अशी अट होती. आपल्याकडे ठेकेदारीत ज्याला रिटेन्शन म्हणतात ते हेच. हातात पडलेल्या रकमा अशा: १५ नोव्हेंबर, ३ डिसेंबर, १७ डिसेंबर, ३ जानेवारी आणि ६ फेब्रुवारीला प्रत्येकी ३७,५०० डॉलर, ३ मार्चला १८,७५०. एकूण २,०६,२५०. राहिलेले ६८,७५० डॉलर १४ मार्चला मिळाले. लढाई झाली ९ मार्चला.

आता खर्चाकडे बघा. जहाजाचा प्रत्यक्ष खर्च सुमारे १,९५,००० डॉलर आला. म्हणजे लढाईच्या सहा दिवस आधी, ३ मार्चलाच, भागीदारांचा सगळा खर्च सरकारकडून वसूल झाला होता आणि वर दहा हजारांच्या आसपास रक्कम हातात होती. रिटेन्शन सुटल्यावर नफा जवळपास ८०,००० डॉलर झाला आणि तो चौघांत सारखा वाटला गेला. त्यांनी जोखीम घेतली हे मी नाकारत नाही. जहाज निकामी ठरलं तर पैसे परत करायची अट करारात होती आणि ती अट हलकी नव्हती. पण घातलेला पैसा बहुतांशी जनतेचा होता, आणि तो ठरल्याप्रमाणे आला.

स्वतःची झीज सोसून जहाजं बांधणाऱ्या माणसाचीच गोष्ट सांगायची असेल तर ती सेंट लुइसच्या जेम्स ईड्सची सांगावी. ७ ऑगस्ट १८६१ रोजी त्याने मिसिसिपी नदीसाठी सात चिलखती गनबोटी बांधायचा ठेका घेतला. हा ठेका नौदलाचा नव्हता, लष्कराचा होता. दर नगाला ८९,६०० डॉलर. मुदत १० ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे अवघे ६५ दिवस, आणि उशीर झाला तर दिवसाला २५० डॉलर दंड. लाकूड जंगलातून तोडून आणायचं, इंजिनं आणि पत्रे दुसऱ्या गावांतून. लष्कराने मधेच बदल सुचवले आणि हप्ते थकवले. ईड्सने स्वतःची पुंजी घातली आणि मित्रांकडून उसने घेतले. पहिली बोट १२ ऑक्टोबरला पाण्यात उतरली, पण बोटी लढायला तयार व्हायला जानेवारी उजाडला. सरासरी किंमत शेवटी एक लाखावर गेली. ६ फेब्रुवारी १८६२ रोजी टेनेसी नदीवरचा दक्षिणेचा किल्ला फोर्ट हेन्री याच बोटींनी पाडला. तेव्हा ईड्सचे सगळे पैसे चुकते झालेले नव्हते. ‘मॉनिटर’च्या लढाईला अजून महिना होता.

दक्षिणेतही खाजगी पैशाने एक चिलखती जहाज उभं राहिलं. जॉर्जिया राज्यातल्या बायकांनी गनबोटीसाठी वर्गणी गोळा केली. १,१५,००० डॉलर जमले आणि सव्हानात ‘जॉर्जिया’ बांधली गेली. चिलखताला रेल्वेचे रूळ वापरले, कारण दक्षिणेत जाड पत्रा लाटणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बायकांच्या देणगीत खोट नव्हती. पण त्या वजनाला ओढेल असं इंजिन मिळालं नाही. जहाज प्रवाहाविरुद्ध चालेना, म्हणून ते किल्ल्याजवळ नांगरून तरंगता तोफखाना करून ठेवावं लागलं. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याचं सैन्य आलं तेव्हा ते त्यांच्याच माणसांनी बुडवलं. पैसा जमला म्हणजे जहाज होतं असं नाही. पैशामागे लोहारकाम, रेल्वे आणि इंजिनाचे कारखाने लागतात.

“एकट्याच्या जोरावर”

सांगाडा ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात थॉमस रोलँडच्या कारखान्यात बांधला गेला, पौंडाला साडेसात सेंट या दराने. बुरूज मॅनहॅटनच्या नॉव्हेल्टी कारखान्यात, एकेक इंचाच्या पत्र्यांचे आठ थर देऊन. इंजिनं डेलामेटरच्या कारखान्यात. पत्रे ट्रॉयहून आणि बाल्टिमोरहून. तोफा नौदलाच्या, ११ इंची दोन. एरिक्सन रोज हिंडत होता आणि नकाशे हातावेगळे करत होता, हे अगदी खरं. पण न्यूयॉर्कच्या आसपास इतके कारखाने एका हाकेवर नसते, तर त्याचे नकाशे कागदावरच राहिले असते.

“शंभर दिवसांत”

करारात शंभर दिवसच होते. ४ ऑक्टोबरपासून मोजले तर मुदत १२ जानेवारीला संपते. जहाज पाण्यात उतरलं ३० जानेवारीला, ११८ व्या दिवशी. नौदलात दाखल झालं २५ फेब्रुवारीला, १४४ व्या दिवशी. दोन दिवसांनी समुद्रावर निघालं तर सुकाणू ऐकेना, म्हणून परत आणावं लागलं. अखेर ६ मार्चला ते न्यूयॉर्कहून निघालं. शंभराच्या आत बसतं ते फक्त २५ ऑक्टोबरला तळाचा कणा बसवल्यापासून पाण्यात सोडेपर्यंतचं अंतर: ९७ दिवस. कामाचा हा वेगही थक्क करणारा आहे, त्यात भर घालायची गरज नाही. आणि उशीर झाला म्हणून सरकारने पैसे अडवले नाहीत. ६ फेब्रुवारी आणि ३ मार्च हे दोन्ही हप्ते मुदत उलटून गेल्यावरचे आहेत.

“लढाईच्या दिवशी ती सरकारची नव्हतीच”

हा समज जुना आहे, आणि तो रिटेन्शन न समजल्यामुळे पसरला. राखून ठेवलेली रक्कम बाकी असणं म्हणजे मालकी ठेकेदाराकडे असणं नव्हे. २५ फेब्रुवारीलाच जहाज नौदलात रीतसर दाखल झालं होतं. कप्तान जॉन वॉर्डन नौदलाचा, खलाशी नौदलाचे, तोफा नौदलाच्या. बाकी होती ती चौथाई रक्कम, आणि ती लढाईनंतर पाचव्या दिवशी दिली.

ज्या अधिकाऱ्याशी हा सगळा पत्रव्यवहार चालला, तो कमोडोर जोसेफ स्मिथ. मजकुरातला ‘म्हातारा बाबू’ म्हणजे तोच. हवा खेळती कशी राहणार, पाण्याखाली माणसं गुदमरणार नाहीत ना, जहाज वजन पेलणार का, अशी पत्रं तो एरिक्सनला एकामागून एक लिहीत होता. त्याला लोखंडी जहाजं नकोत म्हणून नव्हे, त्यात माणसं बसणार होती म्हणून. ८ मार्चला दक्षिणेची चिलखती ‘व्हर्जिनिया’ हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत आली. तिने उत्तरेची लाकडी युद्धनौका ‘कंबरलँड’ धडक मारून बुडवली आणि ‘काँग्रेस’ ही तशीच दुसरी युद्धनौका पेटवून दिली. त्या दिवशी उत्तरेची अडीचशेच्या आसपास माणसं गेली. ‘काँग्रेस’वर त्या वेळी अधिकारी होता स्मिथचाच मुलगा, त्याचंही नाव जोसेफ. ‘काँग्रेस’ने पांढरं निशाण लावल्याची बातमी बापाला कळली तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे ज्यो गेला.” पोरगा जिवंत असता तर पांढरं निशाण लागलं नसतं, याची त्याला खात्री होती. ‘मॉनिटर’ खाडीत पोचली त्याच रात्री. या माणसाला फायली दाबून बसणारा म्हातारा म्हणून गावभर फिरवणं मला सहन होत नाही.

“लढाईनंतर सरकारला जाग आली”

१३ फेब्रुवारी १८६२ रोजी, लढाईच्या साडेतीन आठवडे आधी, काँग्रेसने वीसपर्यंत चिलखती जहाजांसाठी एक कोटी डॉलरची तरतूद मंजूर केली होती. आणि ही मंजुरी तिजोरी भरलेली असताना दिलेली नव्हती. डिसेंबर १८६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं. युद्धाचा खर्च भागेना, म्हणून कायदेशीर चलन म्हणून कागदी नोटा काढायचा कायदा करावा लागला. १५ कोटी डॉलरच्या या हिरव्या नोटांच्या कायद्यावर लिंकनची सही झाली २५ फेब्रुवारी १८६२ रोजी. त्याच दिवशी ‘मॉनिटर’ नौदलात दाखल झाली.

या नोटांचा फटका पुढच्या ठेकेदारांना बसला. त्यांनी ठरावीक किमतीचे करार केले, मग लोखंड आणि मजुरी वाढत गेली, कारागीर सैन्यात गेले, आराखड्यात रोज बदल येऊ लागले. जुलै १८६४ मध्ये कागदी डॉलरची सोन्यातली किंमत ३५ सेंटांच्या आसपास उतरली होती. युद्ध संपल्यावर कित्येक ठेकेदार वर्षानुवर्षं नुकसानभरपाई मागत राहिले.

“एका दिवसात लाकडी नौदलं निकालात”

८ मार्चला लाकडी जहाजांचं जे झालं ते भयंकर होतं. पण हा धडा जगाला त्या दिवशी मिळाला असं नाही. फ्रेंचांच्या चिलखती तराफ्यांनी क्रिमियाच्या युद्धात, १८५५ मध्येच, किनबर्नचा किल्ला फोडला होता. त्यांची ‘ग्लुआर’ १८५९ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्रजांची संपूर्ण लोखंडी ‘वॉरियर’ १८६० मध्ये. ९ मार्चच्या लढाईत तर दोन्ही लोखंडी जहाजं चार तास एकमेकांवर गोळे मारून आपापल्या वाटेने गेली. कुणीच बुडालं नाही. डिसेंबर संपता संपता ‘मॉनिटर’ मात्र केप हॅटरसच्या वादळात १६ माणसांसह बुडाली. खुल्या समुद्रात ती कितपत टिकेल, ही शंका मंडळाच्या अहवालात होतीच.

लाकडी जहाजं शेवटपर्यंत कामाला होती. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेचा नौदल अधिकारी फॅरागट याने न्यू ऑर्लिन्स घेतलं ते लाकडी ताफ्याच्या बळावर. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी चार वर्षं चालवली ती बहुतेक लाकडी जहाजांनी, त्यांतली कितीतरी विकत घेऊन तोफा बसवलेली व्यापारी जहाजं होती. त्या नाकेबंदीची झळ आणि ऊब दोन्ही मुंबईने अनुभवली. अमेरिकेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले, शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांचा काळ आला, बॅकबेच्या भरावाचे शेअर वेड्यासारखे चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं.

‘मॉनिटर’च्या जातीची जहाजंही पुढे मुंबईत आली. बंदराच्या रक्षणासाठी ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ ही बुरूजवाली चिलखती जहाजं १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांधली गेली. मागणी भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसची. पहिलीची किंमत बघून त्यांनी दुसरी स्वस्तात बसवायला सांगितली, म्हणून ‘अ‍ॅबिसिनिया’ आकाराने लहान झाली. दोघींचं आयुष्य मुंबईच्या बंदरात गेलं.

“तपासण्या बाजूला ठेवा”

हा प्रयोग अमेरिकेने याच युद्धात करून पाहिला होता. ‘मॉनिटर’वर लढाईच्या दिवशी बुरूज फिरवणारा इंजिनीअर आल्बन स्टिमर्स पुढे मॉनिटर जातीच्या जहाजांच्या बांधकामावर देखरेखीला बसला. न्यूयॉर्कमध्ये त्याचं वेगळं कार्यालय झालं आणि वॉशिंग्टनच्या बांधणी विभागाला ते फारसं विचारत नसे. १८६३ मध्ये उथळ नद्यांत चालतील अशा वीस जहाजांचे ठेके देण्यात आले, ‘कॅस्को’ वर्गाचे. स्टिमर्सने मूळ कल्पनेत टाक्या आणि पंप घातले, वजन वाढत गेलं. एरिक्सननेही हरकत घेतली, ती ऐकली गेली नाही. एक जहाज पाण्यात सोडून बघावं आणि मग बाकीची बांधावीत, एवढीही सवड कुणी ठेवली नाही. वीसच्या वीस एकदमच चालू.

१८६४ मध्ये ‘चिमो’ पाण्यात उतरली तेव्हा तिची डेक पाण्याच्या वर अवघी तीन इंच राहिली. स्टिमर्सला काढलं. पाच जहाजांचे बुरूज रद्द करून त्यांच्या सुरुंगी बोटी केल्या, बाकीच्यांचे सांगाडे २२ इंचांनी उंच करायला घेतले आणि तेवढ्यात युद्ध संपलं. ज्या कामासाठी ती बांधली होती, ते त्यांतल्या एकीनेही केलं नाही. खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला होता, आणि १८६१ च्या त्या तिघांनी विचारला होता तो ‘तरंगेल का?’ हा प्रश्न या वेळी ठेके देण्यापूर्वी कुणी धरून बसलं नव्हतं.